तुमी येईस्तोवर

१२ एप्रिल
शिरपूर जैनच्या पोस्टात आज रुजू झाले. खोली झकास, खिडकीतून देवळाचं शिखर दिसतं. घरमालकीण ललिताबाईंनी आल्याआल्या उसाचा रस पुढे केला. इतका गोडवा पाहून मी सावधच झाले. स्वभावाला औषध नाही! शिवाय रस मला चालतही नाही. लहानपणापासून इन्सुलिनवर आहे. म्हणून खोलीत फ्रीज हवा, ही माझी एकच अट होती. फ्रीज आहे, पण गारच होत नाही; आत ताज्या वरणभाताची ऊब. महिन्याचं इन्सुलिन तूर्त माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलंय.

१३ एप्रिल
ललिताबाईंचा भाचा वीरेंद्र फ्रीज दुरुस्त करतो. थर्मोस्टॅट गेलाय म्हणाला. पुरेसं गार झालं की मशीन बंद करणारा पुर्जा. नवा मागवावा लागेल, तोवर जुना चालेल, म्हणून त्याने बसवूनही दिला. इन्सुलिन लगेच आत ठेवलं. कुठला जुना, विचारलं तर नुसता हसला. आधीच्या भाडेकरू निता मॅडमही याच फ्रीजमध्ये इंजेक्शनं ठेवत, असं ललिताबाई बोलून गेल्या. त्या आता कुठे असतात, विचारल्यावर पदर सावरत उठल्या.

१७ एप्रिल
चार दिवस नुसती तहान. आज साखर ३८०! दुधाचा दगड झालाय. म्हणजे इन्सुलिनही रोज गोठतंय. लाइट गेली की वितळतं, म्हणून कळलं नाही. गोठलेलं इन्सुलिन निकामी, सगळं वाया. बटण तर मी एकवर, सगळ्यात कमी गारव्यावर ठेवलेलं. खोलीची दुसरी किल्ली ललिताबाईंकडे आहे. बटणावर पेन्सिलीने खूण केली.

१८ एप्रिल
खूण जागची हलली नाही. तरी बर्फ. मशीन थांबतच नाही. वीरेंद्रला दरडावलं. चाचरत म्हणाला, पुर्जा मयत गार ठेवायच्या पेटीतला आहे. गावची पेटी मोडीत निघाली. तिच्यात शेवटच्या ठेवलेल्या निता मॅडम. त्यांच्या भावाला ललिताबाईंनीच फोन केला होता: "निवांत या, दादा. तुमी येईस्तोवर ठेवतो आमी."
मी प्लग उपटला.
मशीन चालूच आहे.

१९ एप्रिल
उलट्या. रिसोडचा औषधवाला इन्सुलिन उद्या देणार. ललिताबाई म्हणतात, दवाखान्याची गाडी बोलावली. माझ्या भावाचा नंबर मागितला. मी दिला — का दिला —

दुपार
गाडी नाही. फ्रीजच्या जाळ्या काढून भिंतीला टेकवल्यात. घासूनपुसून. आत सगळं रिकामं. प्लग जमिनीवर — मशीन चालू —
उठवत नाही. ललिताबाई दारात, फोनवर. निवांत या, दादा, म्हणतात. तुमी येईस्तोवर —
दादा, निवांत नको. मी अजून आहे. मी अजून