डाव्या बाजूचे रणगाडे

गोखिवरे, वसई (पूर्व)
१२ नोव्हेंबर २००३

चि. सौ. हेमांगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं भाऊबीजेचं पत्र पोचलं. लातूरची थंडी सुरू झाली असेल. इथे अजून पंखा लागतो.

एक गंमत सांगतो. दिवाळीला माळा झाडताना तुम्हा भावंडांचा टीव्हीवरचा गेम सापडला. शेजारच्या सॅन्टनकाकांनी बहरीनहून आणून दिलेला, तोच. परेशच्या बारावीच्या वर्षी मीच तो फडक्यात गुंडाळून वर टाकला होता. आर्याने हट्ट धरला म्हणून जोडून दिला. ती पाच वर्षांची पोर, दोन दिवसांत कंटाळली, आणि मला एकसष्टाव्या वर्षी त्याची गोडी लागली. तुझी आई असती तर गेमला आणि मला एकत्रच माळ्यावर टाकलं असतं.

मी रणगाड्यांचाच खेळतो. खाली मधोमध विटांच्या कुंपणात तो पक्षी असतो. तुम्ही त्याला कोंबडी म्हणायचात. वरून शत्रूचे रणगाडे उतरतात आणि त्यांनी कोंबडी मारली की खेळ खलास. उजवीकडचे मी सगळे टिपतो. पण डावीकडून एखादा लबाड कुठून तरी लपत येतो आणि कोंबडी जाते. पहिलाच नकाशा पार होत नाही. जन्मभर ड्रॉइंग बोर्डावर केसाएवढी रेघ चुकली तरी पकडली आणि हा मात्र सापडत नाही. तू यात तरबेज होतीस. डावीकडचं गुपित काय ते कळव.

बाकी ठीक. सकाळी आर्याला स्कूटरवरून शाळेत सोडतो. मंगळवारी आणि शुक्रवारी सातिवलीच्या गाळ्यात यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग तपासायला जातो, तेवढाच निवृत्तीनंतर विरंगुळा. सोसायटीने गेटचा खांब पुढे आणून बसवला आहे. स्कूटरचा पत्रा घासला. सेक्रेटरीकडे तक्रार दिली आहे.

आणखी एक. लिहू नये, पण लिहितो. सूनबाई हल्ली मला चटणी-कोशिंबीर वाढत नाही, लिंबाची फोडही नाही. ती नोकरी करते, दमते, त्यामुळे बोललो नाही. तुझ्या आईने वाढलेलं पान आठवतं, एवढंच.

जावईबापूंना आशीर्वाद. म्हाताऱ्याला विसरू नये.

बाबा

*

लातूर
२० नोव्हेंबर २००३

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले की कुकरकडे लक्ष राहिलं नाही आणि वरणाचा लगदा झाला. ज्या गृहस्थांनी त्या डबड्याला घरबुडवं म्हटलं, ते आता माझ्याकडे शिकवणी लावतायत! तुम्ही कंपनीतून आलात की बूट काढायच्या आधी टीव्हीच्या पाठीला हात लावून बघायचात, तापलाय का म्हणून. त्यासाठी दादा तुमच्या यायच्या वेळी टीव्हीवर ओलं फडकं ठेवायचा. आता सांगायला हरकत नाही. कॅसेट चालली नाही तर काढून फुंकर मारायची असते, हे तरी तुम्हाला कळलंय ना?

गुपित म्हणाल तर काहीच नाही. रणगाडे वरून तीन जागांहून उतरतात, मधून, उजवीकडून आणि डावीकडून, पाळीपाळीने. लपतात ते फक्त झाडीत, आणि पहिल्या नकाशात झाडी नाही. दादा वर जाऊन मारामारी करायचा आणि मी खाली कोंबडीपाशी राखण करायचे. तुम्हीही खालीच थांबा आणि डावीकडे तोंड करून उभे राहा.

माझं खेळणं आता जितेंद्रच्या मोबाइलमधल्या सापापुरतं उरलंय. भाजी शिजेपर्यंत साप वाढवते. परवा त्या नादात भाजी करपली, तेव्हापासून मोबाइल जेवण होईपर्यंत जितेंद्रच्या खिशात असतो. माहेरचं वळण सासरी भेटलं म्हणायचं.

चटणीचं मनाला लावून घेऊ नका. दादाला हलक्या हाताने लिहिते. तुमची माया आहेच. ती चटणीवाचूनही टिकावी, ही विनंती.

तुमची हेमा

*

गोखिवरे
२ डिसेंबर २००३

चि. सौ. हेमांगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. कोंबडीपाशी डावीकडे तोंड करून उभा राहिलो. तरीही मेली. आता माझी खात्री झाली आहे की कॅसेटच नकली आहे. डावीकडचे रणगाडे मधेच उगवतात.

पण मी हार मानणारा नाही. या गेममध्ये आपल्या हाताने विटा रचून नकाशा करायची सोय आहे, हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतंत. मी आपला वसईचा किल्ला रचला. समुद्राकडचा तट, बुरुज, दरवाजा, सगळं प्रमाणात. चारी बाजूंनी बंद केला आणि मधे कोंबडी ठेवली. तरी तटाला गोळी न लागता कोंबडी मेली! बटण बंद केलं की किल्ला पुसला जातो, त्यामुळे रोज नव्याने बांधतो. वेळ छान जातो.

आर्याला शाळेच्या स्नेहसंमेलनात फुलपाखरू केलं आहे. पंख मी कापून दिले. एक पंख लहान झाला असं तिच्या बाई म्हणाल्या. मला तसं वाटलं नाही.

सेक्रेटरी म्हणतो खांब हलवलेलाच नाही. थापाड्या आहे.

असंच मनात ठेवावं आणि लिहीत राहावं.

बाबा

*

गोखिवरे
९ डिसेंबर २००३

चि. हेमास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तू लिहिलंस गोड शब्दांत, पण चटणीचा विषय वाचून तुझ्या वहिनीचे डोळे भरले. अगं, ती सकाळची गाडी पकडायच्या आधी बाबांसाठी ताजी चटणी वाटते. कोशिंबीर करते, लिंबू चिरते. पानात सगळं वाढलेलं असतं. बाबा त्याला हात लावत नाहीत आणि ताट तसंच उचलावं लागतं. तिला वाटत होतं की तिच्या हातचं त्यांना आवडत नाही. आणि ते तुला लिहितात की वाढत नाही! म्हातारपणी माणूस असा कांगावा करतो का?

गेमचं म्हणशील तर ते माझा सूड घेतायत. बारावीला माझा गेम माळ्यावर टाकला आणि आता मी ऑफिसातून आलो की मला बातम्याही बघू देत नाहीत. माझं खेळणं रविवारचं, कॉम्प्युटरवर गाड्यांची रेस. त्यात मी ठोकून ठोकून गाडी चालवतो आणि वहिनी मागून मेन स्विच बंद करते. तू असतीस तर रणगाड्याचा एक डाव झाला असता. तू खाली कोंबडी राखायचीस आणि शिव्या मला बसायच्या.

तुझ्याकडून वहिनीला एक बरं पत्र यावं. तेवढा जीव लाव.

परेश

*

लातूर
१४ डिसेंबर २००३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण घरचं टपाल बाबा उघडतात. काल फोनवर तू हसलास, म्हणून आता नीट मांडून लिहिते. हसू नकोस.

वहिनी चटणी वाढते यावर माझा पूर्ण विश्वास आहे. बाबाही खोटं बोलत नाहीत. आपल्याकडे पानात चटणी, कोशिंबीर, लिंबू, मीठ कुठे वाढतात? डावीकडे. भाजी-आमटी उजवीकडे, आणि तिची तक्रार बाबांनी एकदाही केलेली नाही. गेटचा खांब आपण राहायला आलो तेव्हापासून तिथेच आहे, आणि बाहेर पडताना तो डाव्या हाताला येतो. आर्याचा लहान झालेला पंख कोणत्या बाजूचा होता ते वहिनीला विचार.

आणि रणगाडे. दादा, तो नकाशा मी डोळे मिटून सांगेन. तिथे लपायला जागाच नाही. डावीकडचा रणगाडा सरळ, उघड्यावर, गोळ्या झाडत खाली येतो. तो बाबांना दिसत नाही, आणि आपल्याला दिसत नाही हे त्यांना कळतही नाही. मी हसत हसत त्यांना युक्त्या सांगत बसले, याची मला लाज वाटतेय.

आता ऐक. रोज सकाळी आर्या त्यांच्या स्कूटरवर पुढे उभी असते. गल्ल्यांतून टेम्पो बाहेर येतात ते त्यांच्या डावीकडूनच. उद्यापासून तिला रिक्षाने पाठव. कोणतीही सबब सांग. आणि बाबांना डॉक्टरांकडे ने. ते दुखावतील म्हणून थांबू नकोस.

वहिनीला माझा नमस्कार, आणि मी तिची माफी मागते. रागावलास तरी चालेल, पण कर.

हेमा

*

गोखिवरे
३० डिसेंबर २००३

चि. हेमास,
अ. उ. आ. वि. वि.

फोनवर अर्धवट बोललो, कारण बाबा शेजारी होते. सगळं लिहितो.

तुझं पत्र वाचून आर्याला रिक्षा लावली, पण खरं सांगायचं तर मला पटलं नव्हतं. रविवारी बाबांनी मला त्यांचा किल्ला बघायला बोलावलं. उजवी बाजू अशी बांधलेली की बघत राहावं. बुरुज, तट, वीट न वीट जागेवर. आणि मधोमध येऊन सगळं थांबलेलं. डावीकडे एक वीट नाही, नुसता काळा पडदा. आणि बाबा मला सांगत होते की तट चारी बाजूंनी बंद आहे. माझ्या जर्नलमधल्या बेडकाचा एक पाय आखूड झाला म्हणून त्यांनी मला अख्खी आकृती पुन्हा काढायला लावली होती.

चष्म्याचा नंबर बघायचा म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे मशीनवर हनुवटी टेकवून बसायचं आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं. बाबा खूश. बाहेर येऊन मला म्हणाले की एकही ठिपका सोडला नाही, घरच्या गेमपेक्षा हा फारच सोपा. मग डॉक्टरांनी मला कागद दाखवला. दोन्ही डोळ्यांची डावी अर्धी बाजू काळी होती. पुढे मेंदूचा फोटो काढला. डोळे ठणठणीत आहेत, पण मागे मेंदूत जिथे दिसण्याचं काम चालतं तिथे छोटा झटका येऊन गेलाय. बहुधा पावसाळ्यात त्यांना चक्कर आली होती, तेव्हाच. गेलेलं बहुतेक परत येणार नाही. पुढचा झटका टळावा म्हणून गोळ्या सुरू केल्यात.

आता अडलंय ते स्कूटरवर. चालवायची नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बाबा म्हणतात की त्यांना सगळं दिसतं आणि इतक्या वर्षांत ते एकदाही पडलेले नाहीत. शुक्रवारी सातिवलीला गेलेच. आम्ही दोघं ऑफिसला, थांबवणार कोण? चावी त्यांच्या खिशात असते. काढून घेता येईल, पण बापाच्या खिशात हात घालणारा मुलगा मला व्हायचं नाही. ते परत येईपर्यंत मी ऑफिसातून घरी फोन करत राहतो. तू लिही. तुझं ऐकतील.

आमच्यावर लक्ष ठेव.

परेश

*

गोखिवरे
१८ जानेवारी २००४

चि. सौ. हेमांगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर दिलं नाही, कारण राग आला होता. परेशसारखं तू समजावलं नाहीस, स्कूटरचं नावही काढलं नाहीस. एवढंच लिहिलंस, की एकदा जेवण झालं असं वाटलं की उठायच्या आधी ताट फिरवून बघा. मुलगी बापाला ताट फिरवायला सांगते म्हणजे काय, म्हणून पत्र घडी घालून ठेवून दिलं.

संक्रांतीला परेश आणि सूनबाई लवकर घरी आले. सगळे एकत्र जेवायला बसलो. माझं जेवण झालं, मी पाणी प्यायलो आणि उठणार होतो. काय वाटलं कोण जाणे, ताटाला हात लावून ते अर्धं फिरवलं.

चटणी होती. कोशिंबीर होती. मीठ, लिंबू, तिळाची वडी, आणि अर्धी गुळाची पोळीसुद्धा. सगळं निगुतीने वाढलेलं, पोळीवर तूपसुद्धा. रोज असंच वाढलेलं असणार आणि रोज मी ते टाकून उठत होतो, वर तुझ्याकडे कुरकुर करत होतो. सूनबाई समोरच होती. तिला मी काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. मग बसून सगळं खाल्लं. चटणी तुझ्या आईच्यापेक्षा तिखट आहे, पण चांगली आहे.

डॉक्टरांचा कागद पाहून मी घाबरलो नव्हतो. कागद चुकू शकतो. त्या ताटापुढे मात्र घाबरलो, हेमा. आर्याला पुढे उभं करून इतके महिने मी ज्या रस्त्याने गेलो, त्याची डावी बाजू मी पाहिलेलीच नाही. तिकडे किती जणांनी ब्रेक दाबून आम्हाला वाचवलं असेल, ते त्यांनाच ठाऊक. हात धुतले आणि चावी परेशच्या हातात दिली. तो रडला. मला वाटत होतं मी रडेन.

सातिवलीचं कामही सोडलं. गाळ्याचे मालक पीटर थांबा म्हणत होते. त्यांना सांगितलं की पावसाळ्यापासून मी पास केलेली सगळी ड्रॉइंग दुसऱ्याकडून पुन्हा तपासून घ्या. हे बोलताना फार जड गेलं.

गेम मात्र चालू आहे, आणि आता तो औषधात मोडतो. दर थोड्या वेळाने मान डावीकडे वळवायची सवय डॉक्टरांनी लावून घ्यायला सांगितली आहे, आणि न वळवली तर कोंबडी मरते. परवा पहिला नकाशा पार केला. दुसऱ्यात लगेच गेलो. परेश ऑफिसातून आला की दुसरा रिमोट घेऊन बसतो. त्याला डावी बाजू सांभाळायला सांगितली आहे, पण तो अजूनही सगळं सोडून वर मारामारीला पळतो. तू त्याचं कसं चालवून घेत होतीस?

आर्याची रिक्षा बंद केली. शाळा लांब नाही, आम्ही चालत जातो. आतल्या रस्त्याने, परेशने आखून दिलेल्या. मी तिला उजवीकडे घेत होतो, म्हणजे ती मला दिसेल. ती ऐकत नाही, वळसा घालून डावीकडे येते आणि माझा हात धरते. तिला कोणी काही शिकवलेलं नाही असं सूनबाई शपथेवर सांगते. खड्डा आला, सायकल आली की माझी बोटं दाबते. परतताना मी एकटा असतो, तेव्हा मान वळवत वळवत हळू येतो. सकाळी निघताना गेटवर बॅप्टिस्ट वॉचमन रोज विचारतो, आजोबा, नातीला सोडायला निघालात का. मी हो म्हणतो, आणि डावीकडचा खांब आला की आर्या माझी बोटं दाबते.

मे महिन्यात ये. तोवर जी माया पत्रातून पाठवतेस ती आटू देऊ नकोस.

बाबा