ऑस्ट्रेलियातली खालची खोली

मी, खाली सही करणारा, धंद्याने दातांच्या कवळ्या बनवणारा, वयाने म्हातारा पण डोक्याने शाबूत, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकायला घरात दुसरे माणूसच नाही. गोळ्या चालू आहेत त्या रक्तदाबाच्या आहेत आणि त्यांनी बुद्धी फिरत नाही, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. वकीलसाहेबांनी मला छापील मसुदा दिला होता, मोकळ्या जागा भरायचा. त्या जागा माझ्या मजकुराला पुरेनात, म्हणून कोऱ्या कागदावर लिहीत आहे. ‘आवश्यक तेवढेच लिहा’ अशी साहेबांची सूचना आहे. मला जे आवश्यक वाटते ते मी लिहीत आहे.

१. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे मुलाच्या नावे होते आणि ते अर्ध्या पानात मावले होते.

२. देहाबाबत. जे करायचे ते साधेपणाने आणि लवकर उरकावे. मुलाची वाट पाहू नये. त्याच्या आईच्या वेळी पाहिली. विमाने बदलत बदलत बिचारा पोहोचला तेव्हा त्याला उभे राहवत नव्हते, धड रडताही आले नाही. ते पुन्हा नको. माझ्या तोंडातली कवळी काढू नये. ती मी माझ्या हाताने केली आहे आणि ती काढली की माझा चेहरा हुबेहूब थोरल्या भावासारखा दिसतो. जन्मभर टाळले ते शेवटच्या दिवशी कशाला?

३. सदर थोरल्या भावास काही देऊ नये. वडील गेल्यावर वाटणी झाली तेव्हा त्याने स्वतःकडे दुकान ठेवले आणि मला जुनी भांडी व आई दिली. भांडी गेली. आई माझ्याकडे शेवटपर्यंत राहिली, आणि आयुष्यात हा एकच व्यवहार असा झाला की ज्यात तो फसला. एवढे त्याला कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावे, त्याला ऐकू कमी येते.

४. कोपऱ्यावरच्या दंतवैद्यांना माझ्या कपाटातला, वरच्या फळीवरचा, पिवळा पडलेला प्लास्टरचा जबडा द्यावा. तो त्यांच्या सासऱ्यांचा आहे, त्यांची कवळीही मीच केली होती. माझ्या कवळ्या ते पेशंटला ‘बाहेरून मागवल्या’ म्हणून सांगत. एकदा मी त्यांच्याच वेटिंगमध्ये बसलो होतो आणि त्यांनी माझ्यादेखत सांगितले. मी मान डोलावली. बाहेरून म्हणजे रस्त्याच्या पलीकडून, हे खोटे नव्हते. तरी राग गेला नाही तो नाहीच.

५. हत्यारे, पॉलिशची मोटर, दाबयंत्र, साचे, मेणाचा साठा हे सर्व मी हयातीतच मेणताईंना देऊन टाकले आहे, त्यावर कोणी हक्क सांगू नये. मेणताई म्हणजे माझ्याकडे तरुणपणी कामाला लागलेल्या बाई. कवळीच्या हिरड्या आधी मेणात घडवाव्या लागतात, ते काम त्यांच्या हातात असे बसले की दवाखान्यांतून त्यांना याच नावाने फोन येऊ लागले. मला सगळे दातवाले म्हणतात. दात माझे, हिरड्या त्यांच्या, असा आमचा धंदा चालला. तो मी त्यांना का देऊन टाकला ते पुढच्या कलमात येते.

६. मुलगा व ऑस्ट्रेलिया. हे कलम लांब आहे. वकीलसाहेबांनी वाचण्याआधी चहा सांगावा.

माझा मुलगा एकुलता एक, शीतगृहांच्या यंत्रांचा इंजिनिअर. इथे नोकरीला होता तेव्हा अंधारात निघे आणि ताटातले गार झाल्यावर परत येई. रविवार झोपून काढी. ऑस्ट्रेलियाचे पक्के झाले तेव्हा मी विचारले, इथे तुला काय कमी आहे? तो म्हणाला, “बाबा, तिथे संध्याकाळ असते.”

ते खरे होते. त्याच्या आईने मात्र महिनाभर घर डोक्यावर घेतले. त्या वर्षी लाइफस्टाइल हा शब्द आमच्या घरात शिरला आणि मिक्सर बिघडला तरी ही म्हणे, आपली मेली लाइफस्टाइलच अशी. मग तो गेला. सून गेली. तिकडे नात झाली. तो चार वाजता कामावरून सुटतो, मुलीला पोहायला नेतो, गवतावर अनवाणी चालतो. फोनवर दाखवतो. त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे गेली, हे मी बाप म्हणून पाहिले आणि मला बरे वाटले. तो गेला याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार व्याकरणाची आहे.

आपल्या भाषेत ‘आपण’ वेगळे आणि ‘आम्ही’ वेगळे. ‘आपण’ म्हटले की ऐकणारा आत असतो. ‘आम्ही’ म्हटले की तो दाराबाहेर. पहिल्या वर्षी मुलगा फोनवर विचारी, आपल्याकडे आता उकडत असेल ना? म्हणजे इथे. पुढे ‘तिकडे’ म्हणू लागला. मग एक दिवस म्हणाला, आमच्याकडे सध्या मस्त थंडी आहे, तुमच्याकडे काय? फोन ठेवल्यावर ही मला म्हणाली, “ऐकलंत का? आमच्याकडे म्हणाला.” मी म्हटले, अगं, काय शब्द धरून बसतेस. पण त्यानंतर प्रत्येक फोनला ती कान देऊन तेवढेच ऐकत असे, आणि मग मीही ऐकू लागलो. ती गेल्यावर तर मला दुसरे ऐकूच येईना. बोलणे पुढे निघून जाई आणि मी त्या एका शब्दापाशी थांबलेला.

अशात ती गेल्याच्या पुढच्या वर्षी त्याचा फोन आला. तिकडे मोठे घर बघत होता. खोल्या सांगितल्या, मागची बाग सांगितली, आणि मग म्हणाला, खालची खोली आपल्याला लागेलच, वर-खाली नको. माझा गुडघा तेव्हा नुकताच धरला होता आणि ते त्याला माहीत होते. मी जास्त काही विचारले नाही. ‘बरं’ म्हणालो आणि फोन ठेवून बराच वेळ स्वयंपाकघरात उभा राहिलो. इतक्या वर्षांनी मुलाच्या तोंडून आपण आले होते आणि त्यात मी होतो.

मग मी कामाला लागलो. पासपोर्ट काढला. मेणताईंना बसवून सांगितले की आता हे सगळे तुमचे. त्या रडल्या, मग मला ओरडल्या, मग घेतले. चाकांची बॅग घेतली, गरम कोट शिवून घेतला. शिंप्याने विचारले कुठली तयारी, तर त्यालाही सांगितले. ज्याला त्याला सांगत सुटलो होतो. दवाखान्यांनी मिळून मला निरोप दिला, कोपऱ्यावरच्या दंतवैद्यांनी भाषण केले आणि त्यात मला चक्क कलाकार म्हटले. पासपोर्ट हातात पडला त्या रविवारी मी मुलाला सांगितले की माझी सगळी तयारी झाली.

तो म्हणाला, “कुठे निघालात बाबा?”

मी म्हटले, खालच्या खोलीत. तेव्हा त्याच्या लक्षात आले. ती खोली त्याच्या ऑफिसला होती. घरून काम करणार, माणसे येणार-जाणार, त्यांना कशाला वर-खाली. त्या दिवशी सून शेजारी उभी होती, फोन स्पीकरवर होता, आणि ते वाक्य तो तिच्याशी बोलला होता. हे त्याने मला इतक्या मऊ आवाजात समजावले की मीच त्याला म्हणालो, असू दे रे, होतं असं. मग तो घाईघाईने म्हणाला, या ना बाबा, फिरायला या, उन्हाळ्यात या. फिरायला.

त्याची यात चूक नाही. सुनेचीही नाही. चूक शब्दाची आहे, पण शब्दावर फिर्याद करता येत नाही, असे साहेब म्हणतात.

मी गेलो नाही. बॅग पलंगाखाली सरकवली आणि घरात बसून राहिलो. बाहेर जायची लाज वाटे, कारण सगळ्या रस्त्याचा मी निरोप घेऊन बसलो होतो. दूधवाल्यालासुद्धा चुकवत असे. एके सकाळी मेणताई आल्या. चप्पल न काढता दारातूनच म्हणाल्या, “दातवाले, आपल्याकडे कवळ्या तुंबल्यात. उद्यापासून या.” तेव्हापासून मी माझ्याच जुन्या स्टुलावर, त्यांच्याकडे नोकरीला आहे. पुढे गाळ्याच्या मालकाने जागा सोडायला लावली तेव्हा सगळे सामान माझ्या पुढच्या खोलीत आणले. आता सकाळी घरात मोटरचा आवाज असतो. ऑस्ट्रेलियाबद्दल त्यांनी मला आजवर एका शब्दाने विचारलेले नाही.

७. राहते घर, पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर व गच्चीचा हक्क यांसह, माझ्यामागे मेणताईंना द्यावे. त्यांचे माझे नाते काय, असे लोक विचारतील. लोकांना सांगावे की तोंडात कवळी नीट बसवून मग बोला.

८. बँकेतली शिल्लक, दवाखान्यातून उरेल ती, नातीला. तिलाच कपाटातला छोटा डबा द्यावा. ती लहानपणी इथे आली होती तेव्हा मी तिच्या दुधाच्या दातांचा ठसा घेतला होता. ती तोंड उघडून हलली नाही, फक्त डोळ्यांनी हसत होती. ते दात आता पडले असतील. प्लास्टरचे माझ्याकडे आहेत. गरम कोट बँकेच्या रखवालदाराला द्यावा, तो पहाटे कुडकुडतो. कोट कोरा आहे. बॅग कोणीही न्यावी.

९. साक्षीदारांबाबत. कायद्याने दोन लागतात. पहिले वकीलसाहेब. दुसरी जागा मी रिकामी ठेवली आहे, त्याचे कारण लिहितो. मुलगा पुढच्या आठवड्यात थोड्या दिवसांसाठी येत आहे. ‘तुमच्या घराचं काय ते एकदा ठरवून टाकू’ असे फोनवर म्हणाला. साहेबांनी मला समजावले आहे की जो साक्षीदार होतो त्याला त्या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, आणि पुढे त्या कागदावरून भांडणेही जड जाते. म्हणून दुसरी सही मी मुलाकडे मागणार आहे. त्याला फसवणार नाही. सही केलीस तर या घरावर पाणी सोडलेस, हे साहेब त्याला तोंडाने सांगतील, आणि हा कागद त्याच्या हातात देऊन मी म्हणेन, वाच.

त्याने वाचावे एवढीच माझी इच्छा आहे. वाचून त्याने चिडावे. म्हणावे, बाबा, डोकं ठिकाणावर आहे का, मी सही करणार नाही. भांडावे. तसे झाले तर मी हे सगळे साहेबांसमोर फाडून टाकीन आणि जुने अर्धे पान पुन्हा लिहीन. मेणताईंना हे मी आधीच सांगितले आहे, त्यांच्यापासून लपवून मला हा खेळ करायचा नव्हता. त्या म्हणाल्या, “फाडलंत तर मला वाईट वाटणार नाही. कपटे मात्र तुम्ही गोळा करा.” आणि मेण तापवायला निघून गेल्या.

मला हा कागद फाडायचा आहे. इतके स्पष्ट मी आजवर कोणाला काही सांगितले नव्हते.

येथवर लिहिलेले मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले, आणि ते माझेच आहे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: वकीलसाहेबांच्या शिक्क्याप्रमाणे.

मृत्युपत्र करणारा: (सही) दातवाले

आम्ही खालील साक्षीदार लिहून देतो की, वरील सही मृत्युपत्र करणाऱ्याने आमच्या समक्ष केली व आम्ही त्यांच्या समक्ष आमच्या सह्या केल्या.

साक्षीदार पहिला: (सही) वकील

साक्षीदार दुसरा: (सही) मृत्युपत्र करणाऱ्याचा मुलगा, राहणार ऑस्ट्रेलिया

वकिलाची टीप: दुसऱ्या साक्षीदारास सही करण्याचे कायदेशीर परिणाम माझ्यासमोर तोंडी समजावण्यात आले. मृत्युपत्र वाचण्यासाठी त्यांच्या हातात देण्यात आले. मृत्युपत्र करणारे त्यांना दोनदा ‘वाच’ असे म्हणाले. त्यावर साक्षीदार म्हणाले, “घर तुमचं आहे बाबा, तुम्ही लिहिलंय ते बरोबरच असणार. मला काही नको. कुठे सही करू?” त्यांनी न वाचता सही केली व वडिलांच्या पाया पडले. मृत्युपत्र करणाऱ्यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. नंतर मी मृत्युपत्र करणाऱ्यांना एकांतात विचारले असता त्यांनी कागद जसा आहे तसा ठेवण्यास सांगितले.