पाईपखालच्या पाण्याची अट

मी, जन्मभर ओढ्यावर लोकांचे कपडे धुतलेली बाई, पूर्ण शुद्धीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, जिभेबद्दल कुणी विचारलेलं नाही. माझ्यामागे कुणाला काय मिळावं ते कुणाच्या दबावाखाली न येता लिहून ठेवते.

१. राहतं घर दोन्ही मुलांना निम्मं-निम्मं, शेवटची अट पाळली तरच. थोरला ओढ्याच्या वरच्या अंगाला चामड्याच्या कारखान्यात मुकादम आहे. धाकटा माझ्याबरोबर धुण्याला. कारखान्याचा पाईप ओढ्यात सोडला तशी धाकट्याच्या हाताची सालं निघाली. त्याने कुऱ्हाडीने पाईप फोडला. थोरला पहार घेऊन धावला. "माझ्या पोटावर उठलास का रे?" धाकटा म्हणाला, "दादा, माझे हात बघ आणि मग बोल." थोरल्याने हात बघितले नाहीत, पहार घातली. धाकट्याचा डोळा गेला. त्याने पडल्यापडल्या थोरल्याच्या पायावर कुऱ्हाड चालवली, दोन बोटं ओढ्यात गेली. रक्त कुणाचं ते कळलं नाही. पाणी आधीच लाल होतं.

२. पोलीस म्हणाले घरगुती भांडण. वकील म्हणाला वाटणीचा वाद. कारखान्याचा मालक म्हणाला, बाहेरच्यांची फूस. शहरातली बाई म्हणाली पर्यावरणाचा लढा, आणि माझा फोटो काढून गेली. मला कुणी विचारलं नाही. आता दोघं जामिनावर एकाच घरात आहेत, मधे मी झोपते. मी गेले की मधे कुणी नाही.

३. पहार आणि कुऱ्हाड लोहाराने मोडीत काढावी. इस्त्री आणि गिऱ्हाइकं थोरल्याच्या मुलीला. काकाचा डोळा आणि बापाचा पाय तिनेच बांधला.

४. चांदीची साखळी थोरल्या सुनेला. "म्हातारी मरत का नाही" असं तिने विचारलं होतं. हे उत्तर समजावं.

५. मालकाला काही नाही. त्याने आधीच घेतलंय.

६. मला शेवटची आंघोळ पाईपखालच्या पाण्याने घालावी. पाणी धाकट्याने ओतावं. थोरला कोर्टात शपथेवर म्हणाला, पाणी चांगलं आहे. तर त्याने उघड्या हातांनी मला धुवावं. हातमोजे मागितले, तर त्याचा हिस्सा त्याच्या मुलीला जाईल आणि साक्षीदारांनी ते कोर्टात सांगावं. धाकट्याने तेव्हा एक टोमणा मारला, तर त्याचाही हिस्सा तिलाच.

माझी काळजी करू नये. मेल्यावर कातडं सोललेलं कळत नाही.

सही: वाकडी आहे, पण माझीच.
साक्षीदार: दोन्ही मुलं जन्माला घातलेली सुईण. समोरचा न्हावी.
स्थळ: माझं स्वयंपाकघर.
दिनांक: ९ मार्च.