पोत्याच्या कानाची तिहेरी गाठ

१६ ऑगस्ट १९८२
काल लातूर जिल्हा झाला. झेंडे, भाषणं, पेढे. नळाला पाणी मात्र न्हाई.
मालक मुंबईच्या गोदीत जाऊन आठ दिवस झाले. भांडूनच गेले. न विचारता माझी शेळी विकली, तर मी म्हणलं, "जा, परत तोंड दाखवू नका." माझ्या जिभेला हाडच न्हाई.

३१ ऑगस्ट
सरकारी गोदामात काम लागलं. फाटकी पोती शिवायचं. बोटं सोलली.

९ सप्टेंबर
निवृत्तीभाऊंचं कार्ड आलं. ते गोदीत मालकाच्या जोडीलाच असतेत. मालकाला लिहिता येत न्हाई, म्हणून निरोप भाऊंच्या हातचा. बोटीतून परदेशी गहू सुट्टा उतरतो. मालक तो धक्क्यावर पोत्यात भरून तोंड शिवतेत, दोन्ही कोपऱ्यांना कान बांधतेत. मग मोठ्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथून अरुंद रुळाच्या लहान गाडीनं आमचं लातूरचं गोदाम.
मालक म्हणतेत, "सरजाला सांग, माझ्या पोत्याच्या कानाला तिहेरी गाठ राहील. दिसली की समज, मी खुशाल हाय. आन् राग न्हाई."
राग न्हाई! एवढ्यासाठी मी दोनदा रडले.

२८ सप्टेंबर
गाडी आली. शंभरेक पोत्यांचे कान चाचपले. मुकादम महेबूबचाचा म्हणले, "बेटी, कान पिळून गहू गोड होतो का?" मी खरं सांगितलं. मग चाचांनी हमालांना ताकीद दिली, तिहेरी गाठ दिसली की सरजाला हाक मारा.
एक बी न्हाई. चाचा म्हणतेत, कुर्डुवाडीला माल तुंबलाय, लहान गाडीत मावत न्हाई. धीर धर.

१९ ऑक्टोबर
सापडली! सात पोती. कशी घट्ट — मालकाच्या डाव्या हाताची, उलट्या पिळाची. वास घेऊन बघितला, नुसता सुतळीचा आला. गाठी कापून पदरात बांधल्या.

३ नोव्हेंबर
आज अकरा. मालकाचा हात झपाट्यानं चालायलाय म्हणायचा.
कार्ड टाकलं. "शेळी गेली तर गेली. सहा डिसेंबरला मी चैत्यभूमीला येते. दादर स्टेशनावर उभे राहा. तोंड दाखवा."

१३ नोव्हेंबर
उत्तर न्हाई. पण गाठी पाच. रुसायचं तर रुसा, पोती तर शिवताय ना!
चाचांकडं रजा मागितली. निळं लुगडं धुऊन ठेवलं.

२२ नोव्हेंबर
निवृत्तीभाऊ आले. उंबऱ्यातच बसले. पाणी घेईनात. तीनदा कार्ड लिहिलं, तीनदा फाडलं म्हणले. मालगाडीत भरताना क्रेनची जाळी तुटली, पोती मालकाच्या अंगावर आली. चार ऑक्टोबरलाच गेले.
मी पदर सोडून तेवीस गाठी त्यांच्यापुढं ठेवल्या. ते रडायला लागले.
गुरुवारी गाडी हाय. कुर्डुवाडीला तुंबलेली शिल्लक येणार.