ऑल्डरविकचा इतिहास, मी रचलेला

३ मे १९४८
माझ्या जेवणघरात आता कार्टी बसून कोबी गिळतात. दिवाणखान्यात भूमिती! ऑल्डरविक, आमचं घर, शाळेला विकलं तेव्हा बजावून अट घातली होती — पूर्वेकडची वरची खोली मी मरेपर्यंत माझी. हेडमास्तर टफनेलला तीच हवीय, आजारी पोरांसाठी. रोज दारात येऊन खाकरतो. "मिस पेनरोज, जिना झेपत नाही ना हो आता?" मेल्या! तूच आधी जाशील.

७ मे
बॅग्नलने गार चहा आणला. अख्खी हयात आमच्या स्वयंपाकघरात काढली, आता शाळेचा पगार खाते, पण मला अजून बाईसाहेबच म्हणते. कप तिच्यासमोर जमिनीवर ओतला. "पूस." गुडघे दुखतात म्हणे. पुसलं तरी.

१२ मे
टफनेल गोड बोलत आला. बक्षीस समारंभासाठी घराच्या इतिहासाची पुस्तिका छापायचीय, पालकांवर छाप पाडायला. "तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

सांगते की बाबा! आजोबांनी साबण विकून घर बांधलं, तेवढं सोडून वाट्टेल ते सांगितलं. राजा इथे शिकारीला उतरला होता. तळघरात बिशप लपला होता. पठ्ठ्या मान खाली घालून लिहीत होता. मग मी अशी रंगात आले की एक वेडी मोलकरीणही घातली — आई गेल्यावर तिचे मोती गळ्यात घालून जिन्यात उभी राहायची, "हे घर माझं" म्हणायची.

बॅग्नल शेगडीत कोळसे घालत होती. "हिच्यासारखीच होती," मी म्हटलं, "ठेंगणी, लाल नाकाची." टफनेल खो खो हसला. बॅग्नल नाही हसली.

२० मे
पुस्तिका आली. सगळं आहे — राजा, बिशप, वेडी! समारंभात सगळ्यांदेखत उभी राहून या गाढवाची अब्रू काढणार. मग बघते कोण मला खोलीतून हलवतो. पालक सगळे बर्मिंगहॅमचे, मला कोणी पाहिलेलंही नाही. आता बघतील! आईचे मोती पुसून ठेवलेत.

५ जून
लिहून टाकते.

मंडप भरलेला. टफनेल पुस्तिका वाचत राजापर्यंत आला तशी मी उठले. "थापा आहेत सगळ्या! मी ऑगस्टा पेनरोज. हे घर माझं!"

सगळे वळले. माझ्या चेहऱ्याकडे कोणी बघेना, गळ्यातल्या मोत्यांकडे बघत होते. मग पुस्तिकेची पानं उलटायला लागली. "अगंबाई, ही अजून इथेच असते?" एक बाई कुजबुजली. टफनेलला सगळं ठाऊक, पण नालायकाने काय तोंड पाडलं! "बिचारी. सांभाळून घेतो आम्ही तिला."

मी ओरडले, "बॅग्नल! सांग यांना मी कोण ते!"

ती चहाच्या टेबलापाशी होती. एप्रनला हात पुसले, सावकाश. म्हणाली, "माझ्या हाताखाली भांडी घासायची हो. चांगली घासायची. रागावू नका तिला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी माझ्या हातात केकचा तुकडा ठेवला.

६ जून
दाराबाहेर लोखंडी खाटा येऊन पडल्यात. चहा नाही, नाश्ता नाही. घंटा वाजवून वाजवून हात दुखला. शेवटी नोकरांच्या जिन्याने खाली स्वयंपाकघरात गेले. बॅग्नलने मान वर केली नाही.

"एप्रन खुंटीवर आहे गं, ऑगस्टा."