फक्कीच्या रेघांवर

प्रिय चिमणे,

फोन केलास की आधी माझ्या घराबद्दल माफी मागतेस. आता पुरे. गेल्या आठवड्यात हे घर सोडायची वेळ आलीच होती. ती कशी टळली, ते ऐक.

स्वतःचं ऑफिस थाटल्यावर तू पहिलं घर या आत्याचं बांधलंस, तेही गोगलगाईच्या शंखासारखं, बिनकोपऱ्याचं. तुझा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, अजून विचारतो की बाहेर पडायची वाट सापडते ना! नकाशा काढायच्या आधी तू मला मोकळ्या प्लॉटवर उभं केलंस आणि म्हणालीस, इथे घर आहे असं समज आणि रोजची कामं कर. मी वेडीसारखी हवेतच कपडे वाळत घातले, हवेतच भांडी लावली, आणि तू माझ्यामागून पांढऱ्या फक्कीची रेघ ओढत फिरलीस. मी कुठेच सरळ चालले नव्हते. त्याच रेघांवर भिंती उठल्या. गवंड्याने कपाळाला हात लावला. मी हौसेने घेतलेलं कपाट भिंतीला टेकेना. मागच्या फटीत मांजरीने बाळंतपण उरकलं. तेव्हा मीही तुला लाखोली वाहिली, खोटं कशाला बोलू.

तर गेल्या आठवड्यात आमचे चिरंजीव मला कायमचं आपल्या फ्लॅटवर न्यायला आले, सामानासाठी रिकामी खोकी घेऊनच. मला जायचं नव्हतं, पण त्याची काळजीही खोटी नव्हती. म्हटलं, आधी चहा तरी घे. उठले, भिंतीवर हात ठेवला, आणि भिंतच मला वळवत ओट्यापाशी घेऊन गेली. चहा केला, त्याच्या हातात दिला, परत येऊन खुर्चीत बसले. कुठे धडकले नाही की अडखळले नाही. त्याने चहा संपवला. मग खोकी उचलून एकटाच गेला.

तुला सांगायचं टाळत होते, पण हे शेजारणीचं अक्षर बघून तू ओळखलंच असशील. माझी नजर गेली, पोरी; डॉक्टर म्हणतात, परत यायची नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात मला पाण्याच्या ग्लाससाठीही कुणाला तरी हाक मारावी लागली असती. इथे माझी मी उठते, बसते, फिरते. तुझे उपकार कसे फेडू? एकदा येऊन जा. तू वाळलीस की सुटलीस, ते मला आता हात लावूनच कळणार.

तुझीच,
आत्या