चोरानं खाल्लेले चिकू

बुधवार, संध्याकाळ

आजही दोघी-तिघी येऊन गेल्या. रविवारी आम्ही कोसबाडला लग्नाला गेलो आणि इकडे डहाणूत चोरानं घर फोडलं, हे प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायचं. शेजारच्या ज्योत्स्नाबेन म्हणाल्या, "सोनं गेलं तर गेलं, माणसं तर सुखरूप छे ने!"

त्यांना काय सांगू? आईच्या पाटल्या गेल्या, त्याचं दुःख आहेच. पण डोकं फिरतं ते त्या चिकूंनी. पिकायला ठेवलेले चिकू मेल्यानं माझ्याच टेबलाशी बसून खाल्ले. सालं आणि बिया नीट ताटलीत काढून ठेवल्या. म्हणजे घाईसुद्धा नव्हती त्याला. पाहुण्यासारखा बसला होता! ताटली मी फेकून दिली, तरी तिथे जेवायला बसले की तीच सालं दिसतात. घास उतरत नाही.

आणि माझा नवरा? "विसर आता," एवढंच. रोज तेच. आज मी फुटलेच. "तुला काहीच कसं वाटत नाही रे सुधीर? घर तुझं नाही का?"

तो म्हणाला, "सोमवारपासून दुपारी रेल्वे स्टेशनातून, ड्यूटीवरून तुला फोन करतो ना, भाजी काय आणू विचारायला? ते भाजीसाठी नसतं गं. तू ठीक आहेस ना, ते ऐकायचं असतं."

मी आणखी चिडले. त्याच्यावर नाही, त्या चोरावर. उन्हाळ्यात दार सताड उघडं टाकून घोरणारा हा माणूस! पाटल्या एखादवेळ मिळतीलही. याची ती निर्धास्त झोपही चोरानं नेली, ती पोलीस कुठल्या सोनाराकडे शोधणार आहेत?